भिंतीपलीकडचा पतंग

शेजारच्या कासुर्डेनं काचेची बरणी माझ्या नाकासमोर धरली. "अण्णा, हे बघा तुमच्या जांभळावरचे पतंग, माझ्या पेरूवर पकडलेत! थंडी पडली की भिंतीवरून उडत येतात, अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या माझा पेरू बोडका करतात. उद्या जांभूळ तोडा, नाहीतर मी तोडतो."

बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड ते. "हात तर लाव," मी म्हटलं, "तुझ्या मिश्याच भादरतो!"

शेवटी शेतकी कॉलेजच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी बरणीला भिंग लावलं. "हे थंडीतले पतंग. नर राखाडी असतो, तो उडतो. मादी ओळखायला सोपी. पोट गुबगुबीत आणि पंख नावापुरते. ती खोडावर चालत चढते, उडत कधीच नाही. या सगळ्या माद्याच आहेत."

"मग भिंत कशा ओलांडतील?" मी ओरडलो. "तुझ्याच पेरूवर जन्मल्या, कासुर्डे! तुझ्या लेकी तूच सांभाळ!"

कासुर्डे बरणी उचलून, पाय आपटत घरात गेला. माझं जांभूळ वाचलं.

घरी येऊन मफलर सोडला, तर लोकरीत चार गुबगुबीत माद्या ऐसपैस बसलेल्या. रात्री मफलर जांभळाच्या फांदीवर टाकायची माझी जुनी खोड. आणि तोच गळ्यात गुंडाळून, गेली सहा वर्षं, हिवाळाभर रोज सकाळी मी कासुर्डेशी भांडायला त्याच्या पेरूखाली जात होतो.