नसलेला टाइमआउट

“काल मी मूठ दाखवली होती की बोट?” जोलीनने दारातूनच विचारलं.

व्हर्ना स्टोल्ट्झ टेबलाचे खण खोक्यात रिकामे करत होती. तिने मान वर केली नाही. “आत ये आधी. दार लाव.”

किती टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायच्या संधी, उरलेत हे मुख्य कोच व्हर्नाला हाताने दाखवायचं, हे सहायक म्हणून जोलीनचं काम. एक बोट म्हणजे एक उरलाय, मूठ म्हणजे संपले. काल बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. चेंडू त्यांच्याच हातात होता आणि घड्याळात जेमतेम काही सेकंद. चेंडू नुसता धरून ठेवायचा होता. तेवढ्यात व्हर्नाने नसलेला टाइमआउट मागितला. दंड म्हणून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले आणि हातातला सामना गेला. व्हर्ना पत्रकारांना तोंड न दाखवता मागच्या दाराने निघून गेली. गावाने रात्रभर तिची सालटी काढली. सकाळी तिची नोकरी गेली.

तासाभरात क्रीडासंचालक हॅल्डेन जोलीनकडे आला होता. “म्हातारीला शून्यापर्यंतसुद्धा मोजता येईना. संघ आता तुझा. दुपारपर्यंत हो म्हण.”

या एका वाक्यासाठी जोलीनने निम्मं आयुष्य घातलं होतं. याच कॉलेजकडून ती खेळली, याच मैदानावर तिचा गुडघा कामातून गेला, आणि रडत बसलेल्या तिला व्हर्नानेच हाताशी धरलं. मग तिने मुलींचे घामट कपडे धुतले, बर्फातून गाडी चालवली, केंटकीच्या डोंगरांतल्या शाळाशाळांत हिंडून पोरी हेरल्या. नवरा कंटाळून निघून गेला तो यापायीच. आणि आता खुर्ची समोर आली, तर हो म्हणायच्या आधी ती इथे आली होती. काल हात वर केला एवढंच तिला आठवत होतं. बोट असेल, तर व्हर्नाला तिनेच बुडवलं होतं.

“मी हॅल्डेनला सांगते, चूक माझी होती.” जोलीन म्हणाली. “काहीतरी बोला ना, कोच. शिव्या तरी घाला!”

“मूठ होती,” व्हर्ना म्हणाली. “चांगली नाकासमोर नाचवत होतीस. दिसली मला.”

“मग?”

“कॉरिनकडे बघितलंस?”

कॉरिन पहिल्या वर्षाची पोर. शेवटी शेवटी ती पडली होती. डोकं आपटलं होतं, पण लगेच उठलीही होती.

“ती भलत्याच बाजूला तोंड करून उभी होती. हात पुढे केलेले, जसा काही कोणी पास देतंय, आणि समोर चिटपाखरू नाही. मी घसा फोडून ओरडले. त्या गोंगाटात पंचाला काय ऐकू जाणार? टाइमआउटची खूण तेवढी कळते त्याला.” व्हर्नाने खोक्याचं झाकण दाबलं. “मागच्या दाराने तिलाच हॉस्पिटलात नेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. पहाटे ऑपरेशन झालं. अजून शुद्धीवर नाही.”

जोलीन टेबलाजवळ आली. “मग सांगा ना सगळ्यांना! कशाला हे ओढवून घेताय?”

“काय सांगू? पडली तेव्हाच बाहेर काढायला हवी होती. नाही काढली. मला जिंकायचं होतं. पोर सोडून मी गुणफलकाकडे बघत बसले. नोकरी त्यासाठी जायला हवी होती, या मूर्खांनी भलत्याच कारणासाठी घालवली. हॅल्डेनला पहाटेच सांगितलं सगळं. म्हणाला, टाइमआउटचंच राहू दे, कोर्टकचेरी नको.”

“आणि मी काय करत होते?”

“तू टाइमआउट मोजत होतीस. बरोब्बर मोजलेस.”

जोलीनला कानाखाली बसल्यासारखं झालं. इतका वेळ तिला आपण चुकलो नसू अशी आशा होती. आता ती चुकली नव्हती, आणि तिला जास्तच लाज वाटली.

“कॉरिनची आई हॉस्पिटलात यायला निघालीय,” व्हर्ना म्हणाली. “माझं तोंड बघायचं नाही म्हणाली, आणि बरोबर आहे तिचं. पण पोर तुमच्या हवाली केली होती, तुम्ही कुठे बघत होतात, हे ती कुणाला तरी विचारणारच. हॅल्डेन वकील पाठवतोय.”

“मी खरं सांगितलं तर?”

“तर संध्याकाळपर्यंतसुद्धा तो तुला ठेवणार नाही. परत कुठलं कॉलेजही घेणार नाही. नीट विचार कर.”

जोलीन रडली, अगदी लहान पोरीसारखी. तिच्या फोनवर हॅल्डेनचं नाव पुन्हापुन्हा उमटत होतं, तेव्हा तिने फोन बंद केला. डोळे पुसले आणि कोटाची बटणं लावली.

“कितवा मजला?”

व्हर्ना खोकं सोडून उठून उभी राहिली.

“तिसरा,” ती म्हणाली. “आई ओरडेल. ओरडू द्या तिला, कोच.”