सतरा नंबरची भाडेमाफी

भामाबाईंनी कागद लेकीकडून वाचून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि तो मुकुंदरावांच्या हातात परत ठेवला.

“नको मला माफी. भाडं पहिल्यासारखं घ्या.”

मुकुंदराव बघतच राहिले. या कागदासाठी त्यांनी दोन महिने दफ्तराचे उंबरे झिजवले होते. ते घरबांधणी मंडळाचे भाडे-कारकून. भाषावार प्रांतरचनेत जुन्या निजामी राज्याचे तुकडे पडले, आणि नव्या अंदाजपत्रकात शहरातल्या नल्लकुंटा वस्तीमागच्या मंडळाच्या घरांची भाडी दीडपट करायचं ठरलं. तेव्हा हाच माणूस साहेबांशी भांडला. निदान तिसऱ्या ओळीतल्या नऊ विधवांना तरी सोडा, म्हणाला. टिपणं लिहिली, बोलणी खाल्ली, आणि जानेवारीपासून त्या नऊ घरांचं भाडं शून्य करून आणलं. आणि सतरा नंबरची ही बाई म्हणते, नको. आता करावं तरी कुणाचं भलं?

“भामाबाई, फुकट मिळतंय तर का नको म्हणता?”

“फुकट आहे म्हणूनच. भाडं नाही म्हणजे पावती नाही.”

त्यांनी कोनाड्यातून तारेला ओवलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. पहिली पावती बेचाळीसच्या एप्रिलची. तेव्हापासून एक महिना चुकलेला नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. लेक तारामती मॅट्रिक झाली होती. मुलींच्या सरकारी शाळेत शिकवायची जागा निघाली होती, एप्रिलात अर्ज घेणार होते. पण जागा मुल्कीलाच, म्हणजे इथे सलग पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा दाखवील त्यालाच. भामाबाई नांदेडकडच्या. नांदेड याच राज्यात होतं तोवर त्यांना कुणी काही विचारलं नाही. नोव्हेंबरात नांदेड तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि मायलेकी बसल्या जागी परक्या ठरल्या.

“आम्ही कुठं हाललो, साहेब? राज्यच हाललं,” भामाबाई म्हणाल्या. “मार्च सरला की पंधरा वर्षं भरतात. तुम्ही जानेवारीपासूनच तोडलं. तीन पावत्या कमी पडतात माझ्या पोरीला.”

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मुकुंदराव खाली मान घालून निघाले. दारात नेहमीप्रमाणे शेळी आडवी होती. मंडळाच्या घरांपुढे जनावर बांधू नये, बांधल्यास चार आणे दंड, अशी पाटी ओळीच्या तोंडाशीच होती. पण याच शेळीच्या दुधावर तारामतीची फी निघाली होती. मुकुंदराव सात वर्षं ती पाटी वाचत आणि शेळीला वळसा घालून जात. आजही तसेच गेले.

दफ्तरात साहेबांनी त्यांना नीट बोलूही दिलं नाही.

“भाडं माफ करा म्हणून दोन महिने माझं डोकं खाल्लंत. आता लावा म्हणता? अंदाजपत्रक छापून गेलं, मुकुंदराव. ज्या घराला भाडंच नाही त्याची पावती फाडू कशी?”

“मग राहत असल्याचा दाखला तरी द्या.”

“दाखला तहसीलदार देतात. जा तिकडे.”

तहसीलदारांकडे गेले. तिथला कारकून म्हणाला, “आधी मंडळाची पावती आणा.”

मुकुंदराव अक्षरशः रडकुंडीला आले. शत्रूनेसुद्धा त्या पोरीचं इतकं नुकसान केलं नसतं, आणि तेही स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात टिपण लिहून. त्यात त्यांचं स्वतःचं नाव औरंगाबादच्या बदल्यांच्या यादीत लागलेलं. मार्चअखेर त्यांना इथून सुटायचं होतं. नंतर या बाईसाठी कोण हिंडणार?

चौथ्या दिवशी ते हात हालवत परत सतरा नंबरला आले. हात हालवत म्हणजे काय, तो मेला माफीचा कागद तेवढा हातात होता. दारात शेळीने मान वर केली आणि कागदाचा कोपरा तोंडात धरला. मुकुंदरावांनी ओढून पाहिला. ती सोडेना. ते शेळीकडे बघत राहिले, मग ओळीच्या तोंडाशी असलेल्या पाटीकडे. मग त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. पानं कोरी होती. सात वर्षांत त्यांनी ते या ओळीत कधी उघडलं नव्हतं.

“भामाबाई,” ते मोठ्याने म्हणाले, “मंडळाच्या घरापुढे शेळी बांधलीत. चार आणे दंड.”

भामाबाईंचा चेहरा उतरला. “तुम्हीसुद्धा असं करता, साहेब? भाड्याचं बोलले म्हणून राग धरला व्हय?”

“दर महिन्याला येईन. शेळी तेवढी हलवू नका.”

भामाबाईंनी चार आणे मोजून दिले. मुकुंदरावांनी पावती फाडून तारामतीच्या हातात दिली. तिने वाचली. नाव, घर नंबर, तारीख, मंडळाचा शिक्का. तिने दुसऱ्यांदा वाचली आणि मग आईच्या हातातून ती पावत्यांची तार घेतली.

जानेवारीची पावती तारेत गेली, फेब्रुवारीची गेली. मार्चअखेर, औरंगाबादची गाडी धरण्याआधी, मुकुंदराव ट्रंक टांग्यात ठेवून तिसऱ्यांदा आले. शेळी जागेवरच होती. त्यांनी शेवटची पावती लिहिली, आणि खालचा शेऱ्याचा रकाना, जो आजवर कोराच सोडला होता, तोही सावकाश भरला: “भाडेकरू भामाबाई एप्रिल १९४२ पासून आजतागायत सलग पंधरा वर्षे याच घरात राहत असून, वारंवार ताकीद देऊनही जुमानत नाहीत.”