काकांचा हीटर

हीटर गरमच हवा फेकतो, असं लेकीचं म्हणणं. गारच फेकतो, असं काकांचं. दोघं गॅरेजच्या दारात हटून उभी, आणि मधल्या मध्ये मिस्त्रीची पंचाईत.

काकांनी चाळीस वर्षं बस चालवली होती. आता ही एवढीशी गाडी उरली होती, आणि तिचीही किल्ली आज लेकीच्या पर्समध्ये होती. काकांना स्टुलावर बसवून तिने मिस्त्रीला बाजूला घेतलं. परवा हमरस्त्याने दोन तास तिने स्वतः गाडी चालवली, तर घाम फुटायची वेळ आली. आणि बाबा रोज फोनवर सांगतात, हवा बर्फासारखी येते म्हणून. त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही, असं तिला वाटत होतं.

"हीटर ठीक आहे एवढं तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मग गाडी विकते आणि बाबांना माझ्याकडे नेते."

आधी बघू तर द्या, म्हणत मिस्त्रीने तिला कसंबसं थोपवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती रस्त्यावर गेली. तसे काका जवळ सरकले.

"माझं काही नाही हो उस्ताद. पण हिला गारठा सोसत नाही, पाय बर्फ होतात. शेजारच्या सीटकडची जाळी तेवढी नीट बघा."

बायकोची इतकी काळजी करणारं गिऱ्हाईक मिस्त्रीला क्वचितच भेटायचं. त्याचा स्वतःचा निम्मा जन्म गाड्यांखाली गेला होता; बायकोचे पाय गार असतात की गरम, देव जाणे.

शेजारच्या सीटचा पट्टा रिकामाच अडकवलेला होता. सीटवर सामान ठेवलं की गाडी पीं-पीं करत डोकं उठवते, म्हणून बरेच जण तसं करतात. मिस्त्री चालवायला बसला. पुढे या म्हटलं, तरी काका मागेच बसले.

मोकळ्या रस्त्यावर गाडी दामटली, तर हवा छान गरम. सिग्नलला थांबला आणि दोन मिनिटांत गार झुळूक. पुन्हा पळवली, पुन्हा गरम. मिस्त्री गालातल्या गालात हसला.

बॉनेट उघडल्यावर चोर सापडला. पाइपची एक क्लिप ढिली होती. थेंब थेंब कूलंटचं पाणी गळून आत हवा शिरली होती. इंजिन जोरात पळालं तरच गरम पाणी हीटरपर्यंत पोचायचं. लेक हमरस्त्यावर सुसाट. काका गल्लीबोळांत बैलगाडीच्या चालीने. दोघांचंही खरं होतं.

क्लिप बदलून, कूलंट भरून, हवा काढून मिस्त्रीने लेकीला सगळं समजावलं. उभ्या गाडीत तिने जाळीपुढे हात धरला आणि तिचे डोळेच भरून आले. कित्येक रात्री ती धड झोपली नव्हती.

"म्हणजे बाबा ठणठणीत आहेत," ती म्हणाली. किल्ली काढून तिने काकांच्या हातावर ठेवली. "चुकलं माझं, बाबा."

मिस्त्रीलाही हायसं वाटलं.

काका ऐटीत गाडीत बसले. आरसा सारखा केला. शेजारच्या जाळीचं तोंड खाली, पायांकडे वळवलं. लेकीने पुढचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवरचा पट्टा सोडायला हात घातला.

"मागे बस गं," काका मायेने म्हणाले. "तिथे तुझी आई बसलीय ना."