गवताखाली सहा इंच

"सगळं उचला," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

कंत्राटदार गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत निघालाच होता. मागच्या अंगणात त्याच्या दोन माणसांनी वरवर फावडं फिरवून वाळू पसरली होती आणि प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी अर्धी उलगडली होती. दुपारपर्यंत खिळे ठोकून मोकळं व्हायचं, असा बेत होता.

"का हो बाई? छान तर दिसतंय."

"खाली काय आहे?"

"वाळू."

"आणि वाळूच्या खाली?"

खाली चिकणमाती होती. सकाळी बादलीभर पाणी ओतलं तर संध्याकाळी तिथेच दिसेल, अशी. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, यावरच त्याचा धंदा चालला होता. काम फोनवर ठरवायचं, सकाळी माणसं सोडायची आणि आपण पुढच्या कामाला पळायचं. माणसंही दर दोन महिन्यांनी नवी. गिऱ्हाईक वरचा हिरवा रंग बघून खूश होतं, म्हणून तर अशांचं फावतं.

"घरात कुत्रा आहे," बाई म्हणाल्या. "तो दिवसातून चार वेळा इथे मुतणार. ते जाणार कुठे? तुमच्या घरी?"

"बाई, साहेबांशी माझं सगळं बोलणं झालंय."

"मग करा त्यांना फोन."

त्याने केला. साहेब कामावर होते, मागे गलका ऐकू येत होता.

"साहेब, या बाई अख्खं अंगण उकरायला लावताहेत."

"मग उकरा," साहेब म्हणाले. "त्या सांगतील तसंच काम झालं पाहिजे. मला त्यात घेऊ नका." फोन बंद झाला.

घरोघरी मातीच्या चुली, असं पुटपुटत कंत्राटदाराने माणसांना खूण केली.

सहा इंच खणायचं होतं. बाई मोजपट्टी घेऊनच उभ्या होत्या. पाच इंचांवर एकाने कुदळ टेकवली, तर त्यांनी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. माती फावड्याला अशी चिकटायची की झटकून सुटेना. काचेच्या दारामागून कुत्रा बाईंवर सारखा भुंकत होता.

"तोही वैतागलाय तुम्हाला," कंत्राटदार म्हणाला.

"वैतागू दे. त्याच्यासाठीच चाललंय."

तो दोनदा सटकायला निघाला. दोन्ही वेळा बाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"मला दुसऱ्या कामावर जायचंय हो!"

"तिथल्या लोकांचं नशीब चांगलं, म्हणून तुम्ही आज इथे अडकलात."

खडी आली. पहिला थर पसरून धुमसाने ठोकला. बाईंनी त्यावर टाच दाबून पाहिली आणि पुन्हा ठोकायला लावला. मग भोकांचा पाइप. त्याचा उतार भिंतीकडे जात होता, तो उपसून गटाराकडे करायला लावला. कंत्राटदाराने घड्याळ बघितलं आणि त्याचा तोल गेला.

"एवढं काय मनाला लावून घेता? गवतच तर आहे!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गवतच? माझा कुत्रा गेला असल्या गवतापायी! असंच वाळूवर अंथरून गेला होता एक हरामखोर. खाली पाणी साचलं, कुजलं. बारा वर्षांचा म्हातारा जीव, लांब जाता येत नव्हतं, तिथेच पडून असायचा. पंजे सडले त्याचे. चाटून चाटून रक्त काढायचा. औषधं झाली, पट्ट्या झाल्या. आणि मी वेडी, रोज त्याला उचलून त्याच गवतावर नेऊन ठेवायची. हिरवंगार दिसत होतं ना वरून!"

माणसांनी हातातली घमेली खाली ठेवली.

"त्या माणसाला बोलावून जोड्याने हाणायला हवं होतं," कंत्राटदार म्हणाला.

"फोन केला होता. म्हणाला, धुवायला तुम्हाला काय झालं होतं? नंतर फोनच उचलला नाही."

"काही लोकांना लाजच नसते, बाई." हे तो अगदी मनापासून म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "दुसरा थर टाका."

दुसरा थर झाला, वर दगडाची बारीक कच पसरून झाली. गवत अंथरण्याआधी बाईंनी आठ बादल्या पाणी ओतायला लावलं, एकाच जागी. आठवी बादली रिकामी होईतो पहिलीचं पाणी गटारात पडताना ऐकू आलं. वर थेंब राहिला नाही. बाई पायरीवर बसल्या आणि मनगटाने डोळे पुसले. दिवसभरात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

गवत लागलं, कडा ठोकून झाल्या. कंत्राटदाराची कंबर धरली होती, पण मागे सरून त्याने अंगण पाहिलं तेव्हा त्याचं त्यालाच बरं वाटलं. इतकं चोख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. हे सांगायला तो वळला, तर बाई नव्हत्या. आत गेल्या असतील, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांच्याबरोबर एक तरुण बाई उतरली. तिने दार उघडलं आणि कुत्रा धावत गवतावर जाऊन लोळला.

"या...?" कंत्राटदाराने विचारलं.

"माझी बायको."

"मग दिवसभर माझ्या डोक्यावर बसल्या होत्या, त्या कोण?"

"त्या होय? मागच्या घरात राहतात," साहेब म्हणाले. "आम्ही दोघंही कामावर, म्हणून लक्ष ठेवते म्हणाल्या. तुमचा नंबरही त्यांनीच दिला. हे काम दुसऱ्या कुणाला देऊच नका म्हणाल्या. त्यांच्याकडचं गवतही तुम्हीच बसवलं होतंत ना?"