घरात लहान मूल आहे का?

कपडे धुवायच्या मशीनचं दार एकदा लागलं ते काही केल्या उघडेना. म्हाताऱ्या कुलूपवाल्यानं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग चिडून सगळी एकदम दाबली. मशीन ढिम्म! कुलपाच्या चित्राचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता आणि गोल काचेआड कोंबलेली त्याची ओली चादर अगदी समोर दिसत होती.

सून जेवायला घरी यायची वेळ झाली होती. आली की हात धुवायला इथंच, मशीनशेजारी येणार. रात्री पुन्हा गादी ओली झाल्याचं तिला कळलं की संपलंच सगळं. मागे दोनदा कळलं होतं, तेव्हापासून तो चोरून चादरी धुवायचा. पण परवा त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती मुलाला म्हणत होती, "बाबांची आता दुसरीकडे सोय बघायला हवी. माझ्याच्यानं नाही होत रे." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे काय त्याला कळत नव्हतं? आणि मुलगा काही म्हणजे काही बोलला नव्हता. तेच म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं होतं.

हाच मुलगा शाळेत जायला लागला तरी गादी ओली करायचा. तेव्हा बाप सगळ्यांच्या आधी उठून चादर धुऊन टाकायचा आणि बायकोला सांगायचा, "माझ्या हातून पाण्याचं भांडं लवंडलं." ती म्हणायची, "केवढे हो वेंधळे तुम्ही!" मुलगा मान खाली घालून दूध प्यायचा.

आणि गंमत बघा, या माणसानं जन्मभर कुलपंच उघडली! तिजोऱ्या, गोदामं, किल्ली हरवून बसलेल्या नवऱ्यांची घरं. गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुलूप लावलं कुणी?" नीट उत्तर मिळाल्याशिवाय तो हत्याराला हात लावायचा नाही. आज घरातल्याच एका पत्र्याच्या डब्यानं त्याला रडकुंडीला आणलं होतं.

त्यानं प्लग काढला, पुन्हा लावला. दिवा तसाच. शेवटी मशीनवर चिकटवलेल्या नंबरावर फोन केला.

"चाइल्ड लॉक लागलंय, आजोबा," पलीकडची मुलगी म्हणाली. "घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग कुणीतरी मुद्दाम लावलं असणार. दोन बटणं बराच वेळ एकदम धरून ठेवल्याशिवाय ते लागत नाही."

"कुठली दोन? लवकर सांग बाई!"

"ते प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. तक्रार नोंदवलीय, मशीन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर मेसेजही गेलाय. आमचा माणूस उद्या येईल."

मेसेज! मशीन तर मुलाच्या नावावर होतं.  त्यानं फोन ठेवला आणि तो जुना प्रश्न आता त्याच्याच अंगावर आला. कुलूप लावलं कुणी? घरात माणसं तीन. लहान मूल नाही. म्हणजे हे कुलूप त्याच्यासाठी होतं! सूनबाईनं ओळखलं होतं तर. शरमेनं त्याची कानशिलं तापली. रडू यायला लागलं, आणि त्या रडण्याचाही त्याला राग आला.

त्यानं पेचकस आणला आणि दाराच्या फटीत घातला.  तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

मुलगा होता. धापा टाकत आला. "बाबा, काढा तो पेचकस."

"तुझ्या बायकोनं कुलूप लावलंय!" म्हातारा कडाडला. "सरळ जा म्हणा ना मला. मशीनला कुलपं कसली लावता?"

"तिनं नाही. मी लावलंय."

म्हाताऱ्यानं पेचकस फटीतून बाहेर काढला.

"त्या दिवशी ओली चादर नेताना इथं घसरलात. कोपर सोलवटलेलं दिसत नाही होय मला? विचारलं तर म्हणालात, काही नाही. म्हटलं, मशीन अडलं की तरी मला हाक माराल." मुलानं दोन बटणं दाबून धरली. "तर तुम्ही कंपनीला फोन केलात! धन्य आहे बाबा तुमची."

लाल दिवा विझला. त्यानं साबण घालून मशीन सुरू केलं. काचेआड चादर हळूहळू फिरू लागली.

आणि सून आलीच. दारातच थबकली. "या वेळेला मशीन कुणी लावलं?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"माझ्या हातून पाण्याचं भांडं लवंडलं," मुलगा म्हणाला. "बाबांच्या गादीवर."

या घरात सगळे बाटलीनं पाणी पीत. सुनेनं काचेआडच्या चादरीकडे पाहिलं. मग सासऱ्याच्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं.  तिनं खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली.

"केवढा रे वेंधळा तू," ती नवऱ्याला म्हणाली. मग दोघांकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी भांडं लवंडलं ना, तर मलाही हाक मारत जा."