तीन नंबर गल्लीचं शून्य

"सर, आप अपनी बेटी को शाम सात बजे हमारी गली से अकेली भेजेंगे?"

प्रणोतीनं विचारलं आणि कॉलनीच्या हॉलातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या रांगेत अपूर्वा आणि रश्मीनं एकमेकींना चिमटे काढले. शर्त त्यांनीच लावली होती: दम असेल तर विचारून दाखव, फुलकी, म्हणजे पाणीपुरी, आमच्याकडून. प्रणोतीचा आवाज अजिबात कापला नाही. हे तिला स्वतःलाच नवीन होतं. आणि आवडलंही.

मंचावर टीआय साहेब बसले होते, म्हणजे पोलिस ठाण्याचे मोठे साहेब. अंगावर कमिटीनं घातलेली शाल, पुढ्यात नारळ. ते हसले.

"बिलकुल भेजूँगा, बेटा. रिकॉर्ड बोलता है. तीन नंबर गली, इस साल चोरी शून्य, झपटमारी शून्य. इसीलिए तो गश्त उधर नहीं लगाई. जहाँ ज़रूरत है, वहाँ लगाई है."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी कमिटीच्या सचिवांची, म्हणजे प्रणोतीच्या बाबांची.

शून्य? तिला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. जुलैत कोचिंगहून येताना, त्याच गल्लीत, ती एका हातानं सायकल धरून आईला फोनवर "आलेच" म्हणत होती, तेवढ्यात मागून मोटारसायकल आली आणि कानाचा मोबाईल ओढून नेला. ती सायकलसकट आपटली, कोपर सोललं. बाबा लगेच ठाण्यात जाऊन आले. "लिहून दिलं," म्हणाले. त्या दिवसापासून तिचं कोचिंग बंद. एरिया चांगला नाही म्हणून. फिजिक्स घरी बसून, आणि तिमाहीत शंभरपैकी चौतीस. चार महिने ती मनातल्या मनात घोकत होती: काळी गाडी, मागच्याचा पिवळा रेनकोट, नंबरातले शेवटचे आकडे सहा आणि एक. पोलिस विचारायला येतील तेव्हा आपली ततपप व्हायला नको.

कोणी आलंच नाही.

"सर, मेरा मोबाइल छीना था," ती म्हणाली. हा प्रश्न शर्तीतला नव्हता. "जुलाई में. कंप्लेंट दी है."

साहेबांनी शेजारच्या महिला पोलिसाकडे पाहिलं. त्या दीदींनी कॉलनीची फाइल उघडली, दोन-चार कागद उलटले आणि मोठ्यानं वाचलं, "'आवेदक नीलकंठ आठल्ये. महोदय, सविनय निवेदन है कि सब्ज़ी लेते समय मेरा मोबाइल थैले से कहीं गिर गया.' गुम का आवेदन है, सर. छीनने का नहीं."

कागद त्यांनी वर धरला. वळणदार, एका रेषेत बसवलेलं अक्षर. फॅक्टरीच्या ऑफिसात ज्याचं सगळे कौतुक करतात, ते बाबांचंच.

बाबा नारळाकडे बघत होते.

"चेन तो हमारी भी गिर ही गई थी," त्याच गल्लीतल्या सत्यवती आंटी पुटपुटल्या. शेजारणीनं त्यांना कोपरानं ढोसलं. तेवढ्यात कोणीतरी "चलो जी, चाय लग गई" म्हटलं आणि सगळे एकदम सुटल्यासारखे उठले.

प्रणोतीनं आधी फाइलवाल्या दीदींना गाठलं, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलली, आणि मग समोशांच्या टेबलाजवळ आईबाबांना.

"गिर गया? बाबा, थैल्यातून?"

"ठाण्यातला लिहिणारा मुंशी म्हणाला, छीना लिहिलं तर पोरीला बयानाला यावं लागेल," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मग कोर्ट, ओळख परेड. तुझं नाव काहून त्या चोपड्यात घालायचं? आणि गुम लिहिलं की सिम त्याच दिवशी मिळते. सगळे असंच करतात."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस?"

"प्रणोती, हळू बोल," आई म्हणाली. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे ना! कागदावर आपली गल्ली इतकी चांगली आहे, की पोलिसांनी यायची गरज नाही. आणि घरात तीच गल्ली इतकी वाईट आहे, की मी जायचं नाही. अरे, दोघांतलं एक काहीतरी ठरवा!"

बाबांनी समोसा उचलला आणि तसाच परत ठेवला. "बेटा, तुझ्याच भल्यासाठी..."

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "वर्षभराचा तर प्रश्न. पुढच्या वर्षी तू तशीही इंदूरला जाशील."

प्रणोतीनं क्षणभर डोळे मिटून उघडले. आईबाबा दोघंही तिथेच होते, प्लेटा धरून, अगदी भल्या माणसांसारखे. यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

"इंदूरला जाईन तेव्हा जाईन," ती म्हणाली. "सोमवारपासून मी कोचिंगला जाणार, आणि त्याच्या आधी आज ठाण्यात. दीदींशी बोलून आली मी, त्या पाच वाजेपर्यंत आहेत. बयान द्यायचं तर देईन, कोर्टात यायचं तर येईन. मी अठराची नाही, म्हणून बाबा, तुम्ही सोबत चला. चहा संपवून चला, घाई नाही. पण लिहिणार मी."