राखून ठेवलेलं पाणी

"पाळकसाहेब न्हाई आलं?"

साळूबाईनं मास्तरांच्या पाठीमागं बघत विचारलं. पाठीमागं नुसता माळ होता. एक बाभळ आणि ऊन.

"त्यास्नी ताप आलाय. सांगलीतनं निघताच आलं न्हाई. म्हणलं, निदान निरोप तरी पोचवावा." इसाक मास्तरांनी टोपी काढून तोंड पुसलं. जतपासून चालत आले होते. त्र्याहत्तरचा एप्रिल. वस्तीवर एसटी कधी येतच नव्हती, आता टँकरही येईनासा झाला होता.

मास्तर ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. वस्त्यावस्त्या फिरून प्रार्थना सांगायची, गाणी शिकवायची, एवढंच त्यांचं काम. बाप्तिस्मा द्यायचा अधिकार पाळकांचा.

"मग आता वं?" साळूबाई म्हणाली आणि दारातनं बाजूला झाली.

तेव्हा मास्तरांना तिचं पोर दिसलं. घोंगड्यावर निजवलेलं, आठ महिन्यांचं. डोळे आत गेलेले. टाळूला खड्डा. ओठ चिरलेले. तोंड रडल्यासारखं वाकडं होत होतं, पण आवाज नव्हता आणि डोळ्यात पाणीही नव्हतं.

"कवापासनं?"

"परवापासनं हगवण लागलीया. पोटात काय ठरंना. बाप मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला गेलाय. त्याला काय म्हाईत बी न्हाई."

"पाणी पाजतीस का?"

"टँकरचं हुतं तवर पाजलं की. पदरानं गाळून. लालभडक यायचं, तरी पाजलं. सकाळपासनं घागर कोरडी हाय."

उंबऱ्यावर शेजारची बनुबाई बसली होती. म्हातारी. तिला बोलायचं असलं की ती जमिनीकडं बघून बोलायची.

"मास्तर, तुमच्या देवाला येवढं सांगा. बाप्तिस्मा ऱ्हाऊ दे, आदी टँकर धाड म्हणावं."

मास्तरांची नजर कोनाड्यात गेली होती. तिथं सलाईनची काचेची बाटली होती, रबरी बूच लावलेली. बाटलीत पाणी. इतकं स्वच्छ की पलीकडची भिंत दिसत होती.

"ते काय हाय?"

"पोराच्या बाप्तिस्म्याचं पाणी." मास्तर आल्यापासनं साळूबाईच्या तोंडावर पहिल्यांदा जरा उजेड आला. "मागल्या महिन्यात मिशनच्या दवाखान्यात गेलते, तवा नळाचं भरून आणलं. थेंब सांडला न्हाई. तुमीच म्हणला हुता न्हवं का, स्वच्छ पाणी राखून ठेव, गढूळ नको."

मास्तरांना आठवलं. निघता निघता म्हणाले होते. चपला पायात सरकवत, सहज.

"अगं, मग हे घरात असताना त्याला टँकरचं..."

"देवाचं पाणी कसं पाजू वं?"

मास्तर खाली बसले. दुःखात देव माणसाला सोन्यासारखं तावून घेतो, हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम तयार असायचं. किती घरांत म्हणाले होते. आताही ते वर आलं. पोराची टाळू खालीवर होत होती. मास्तरांनी वाक्य गिळलं.

"चमचा आण."

"कशाला?"

"आण म्हणतोय न्हवं!"

त्यांनी बूच काढलं तसं साळूबाईनं त्यांचं मनगट धरलं. "मास्तर, नका. पाळकसाहेब आल्यावर काय दिऊ त्यास्नी? आन बिननावाचं गेलं तर? तितं देवाघरी येवढ्या पोरांत त्याला वळखायचं कुणी?"

दुष्काळी कामावर खडी फोडलेला हात होता तो. सुटेना.

"नाव काय ठरलंय?" मास्तरांनी विचारलं.

"त्यो थडग्यातनं उठून आला, तुमी सांगितल्याला. त्याचं. लाजर."

"आजा त्याला गुंडाच म्हणतोय," बनुबाई जमिनीला म्हणाली.

"मला अधिकार न्हाई," मास्तर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी चमचा भरला. मनगटावरचा हात ढिला पडला.

"लाजर, मी तुला पित्याच्या नावानं..."

चमचा ओठाला लावला. पाणी आत गेलं. थोड्या वेळानं गळा हलला.

"पुत्राच्या..."

हलला.

"आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

तिसऱ्या चमच्याला गळा हलला नाही. पाणी ओठाच्या कडेनं बाहेर आलं आणि गालावरनं कानाकडं निघालं. मास्तरांनी ते अंगठ्यावर घेतलं, पोराच्या कपाळाला लावलं. पुसायची गरज पडली नाही. कातडीनंच पिऊन टाकलं.

बनुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

मास्तरांनी पुन्हा चमचा भरला आणि हात तसाच ठेवला.

"का थांबलासा?"

"नावं संपली."

साळूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग बाटलीकडं. बाटली अजून खांद्यापर्यंत भरलेली होती. तिनं त्यांच्या हातातनं चमचा काढून घेतला, पोराची मान दंडावर घेतली.

"मग नुसतंच पी, माझ्या राजा," ती म्हणाली.

पाणी तोंडात गेलं. बाहेर आलं नाही. तिघंही त्या एवढ्याशा गळ्याकडं बघत राहिली.